पंचगंगेची पातळी आणि शंभरातल्या सहासष्ट

जुलै सरत आला की कोल्हापुरात सकाळी भेटेल तो एकच विचारतो, "पाणी किती फुटांवर?" राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा मोबाइलवर येतो, सोबत वेळ लिहिलेली असते आणि प्रत्येकाच्या डोक्यात दोन खुणा आधीच पक्क्या असतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. पुढचा हिशेब ज्याचा त्याने करायचा. ज्या आकड्याला सुतारवाड्यात सामान बांधायला सुरुवात होते, त्याच आकड्याला राजारामपुरीत माणसं निवांत असतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या घरात कुठल्या आकड्याला पाणी कितव्या पायरीवर येतं, हे लहान पोरही सांगेल.

म्हणजे आपल्या माणसांना आकडे कळत नाहीत, हे खरं नाही. आकड्याला वेळ, ठिकाण आणि खूण असली की तो कळतो. कर्करोगाच्या बाबतीत यातलं काहीच नसतं. आत्याचा बायोप्सीचा रिपोर्ट आलेला असतो, पुतण्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभा राहून मोबाइलवर आजाराचं नाव टाकतो आणि समोर एक टक्केवारी येते. ती कुठल्या देशातली, कोणत्या सालातली, कोणत्या अवस्थेतल्या बायकांची, याचा त्या पडद्यावर बहुधा पत्ता नसतो. आणि घर त्या आकड्यावर निर्णय घेतं. औषधोपचार पुढे न्यायचे का, म्हैस विकायची का, सोसायटीचं कर्ज काढायचं का, थोरलीचं लग्न अलीकडे ओढायचं का.

आमचं म्हणणं असं आहे: जगण्याचे आकडे दाखवणारी ऑनलाइन साधनं मराठीत यायलाच हवीत, पण परदेशी साधनाचं भाषांतर म्हणून नकोत. आकडा आपल्या माणसांचा हवा, तो कसा वाचायचा हे त्याच पडद्यावर हवं, आणि तो पाहायचा की नाही हे ठरवायचा हक्क रुग्णाच्याच हातात हवा.

आधी आकड्याकडेच नीट पाहू. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या ११ नोंदणी केंद्रांतल्या १७,९४७ महिलांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. २०१२ ते २०१५ या काळात ज्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं, त्या या महिला. पाच वर्षांच्या जगण्याचं प्रमाण निघालं ६६.४ टक्के. आता हे वाक्य मराठी घरात कसं ऐकलं जातं ते बघा. एक जण ऐकतो, "पाच वर्षंच आयुष्य आहे." दुसरा ऐकतो, "६६ टक्के आजार बरा होईल, बाकीचा राहील." तिसऱ्याला वाटतं, पाच वर्षं निघाली की सुटलो. तिन्ही अर्थ चुकीचे, आणि तिन्हींना कारण ते वाक्यच. पाच वर्षं हा मोजणाऱ्याने सोयीसाठी रोवलेला खांब आहे. त्या खांबापाशी किती जणी हयात होत्या, एवढंच तो सांगतो. पुढे त्या वीस वर्षं जगल्या तरी मोजणी तिथे थांबलेली असते.

म्हणून साधनात वाक्य असं हवं: "असा आजार सापडलेल्या १०० बायकांपैकी सुमारे इतक्या जणी पाच वर्षांनंतरही हयात होत्या." "होत्या", "राहतील" नव्हे. मराठीतला हा भूतकाळ इथे फार मोलाचा आहे. तो ऐकणाऱ्याला आपोआप सांगतो की ही झालेल्या गोष्टीची नोंद आहे, तुमच्याबद्दलचं भाकीत नाही.

त्यातही एक बारकावा आहे. ६६.४ हा आकडा सापेक्ष आहे. त्याच वयाच्या सर्वसाधारण बायकांशी तुलना करून तो काढतात. समजा, सर्वसाधारण १०० जणींपैकी पाच वर्षांनी ९५ हयात असतात आणि आजार झालेल्या १०० पैकी ६३. तर ६३ भागिले ९५ म्हणजे सुमारे ६६ टक्के. म्हणजे पडद्यावर ६६ दिसतो, पण प्रत्यक्ष डोकी मोजली तर ६३. चाळिशीतल्या बाईसाठी हा फरक किरकोळ असतो, पंचाहत्तरीच्या आजीसाठी मोठा. शंभर बाहुल्यांचं चित्र काढून त्यातल्या ६६ रंगवणाऱ्या साधनाने आपण कोणता आकडा रंगवतोय हे आधी ठरवायला हवं. नाहीतर चित्र सुंदर आणि हिशेब चुकीचा, असं होतं.

शिवाय ६६ ही सरासरी आहे, आणि सरासरीच्या पोटात काय दडलंय ते त्याच अभ्यासात दिसतं. आजार स्तनापुरताच असताना सापडला तर ८१ टक्के, आसपासच्या भागात किंवा काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला असेल तर ६५.५, आणि दूरच्या अवयवात पसरल्यावर सापडला तर १८.३. स्तनापुरताच आजार असलेल्या बाईच्या घरच्यांनी ६६ वाचून हाय खाल्ली, तर तो निव्वळ आकडा मांडणाऱ्याचा दोष आहे. ऊसवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. कारखान्याचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) म्हणजे सगळ्या सभासदांच्या उसाचा मिळून निघालेला उतारा, माझ्या फडाचा नव्हे. आणि एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, मागच्या हंगामाच्या उताऱ्यावर धरायची की चालू हंगामाच्या, यावरून आपल्याकडे किती आंदोलनं झाली! जगण्याचा आकडा तर कायमच मागच्या हंगामाचा असतो. पाच वर्षांचं प्रमाण काढायचं तर पाच वर्षं थांबावंच लागतं, मग मोजणी, मग छपाई. आज निदान झालेल्या बाईला २०१२ ते २०१५ च्या बायकांचा आकडा दाखवला जातो. मधल्या काळात उपचार बदलले असतील, तर तो बदल त्या आकड्यात नाही. साधनाने हे साल आकड्याच्या शेजारी, आकड्याइतक्याच ठळक अक्षरात छापावं. खाली बारीक अक्षरात नव्हे.

आता या साधनांत माहिती भरताना काय बिघडतं ते पाहू. ब्रिटनमध्ये केंब्रिजला तयार झालेलं 'प्रेडिक्ट' हे स्तनाच्या कर्करोगासाठीचं साधन डॉक्टरही वापरतात. ते तिथल्या कर्करोग नोंदणीच्या आकड्यांवर बांधलेलं आहे. वय, पाळी गेली आहे का, गाठीचा आकार, ग्रेड, काखेतल्या किती ग्रंथींत आजार होता, ईआर (गाठ हार्मोनला प्रतिसाद देते का), हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन वाढलंय का) अशी माहिती भरली की शस्त्रक्रियेनंतर किती जणी हयात असतात आणि प्रत्येक उपचाराने त्यात किती भर पडते, ते दिसतं. साधन चांगलं आहे. पण कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात धरून पुतण्या ते भरायला बसला की चुका ठरलेल्या जागी होतात.

रिपोर्टच्या सुरुवातीला माप असतं, समजा १८ x १५ x ५ सेंटीमीटर. ते काढून पाठवलेल्या संपूर्ण स्तनाचं असतं. गाठीचं माप खाली कुठेतरी असतं, २.८ x २.१ x १.९. साधनाला त्यातलं सर्वांत मोठं माप हवं असतं आणि तेही मिलिमीटरमध्ये, म्हणजे २८. कुणी २.८ टाकतं आणि गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी होते. कुणी १८० टाकतं. "३/१४" म्हणजे तपासलेल्या १४ ग्रंथींपैकी ३ मध्ये आजार. भरायचे ३, भरले जातात १४. हर-टू "२+" असेल तर ते ना होय ना नाही, फिश नावाची पुढची चाचणी करावी लागते; तोवर तो रकाना "माहीत नाही" असाच ठेवायचा. ईआरच्या पुढे "८/८" दिसलं की घाबरायला होतं, पण तो पॉझिटिव्ह असल्याचा गुणांक आहे आणि हार्मोनच्या गोळ्या लागू पडण्याच्या दृष्टीने ती चांगली बातमी.

सर्वांत जास्त रडवणारी चूक ग्रेड आणि स्टेजची. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात, १ ते ३. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर गेलाय, १ ते ४. रिपोर्टवर "ग्रेड ३" वाचून घरात "थर्ड स्टेज" अशी बातमी पोचते आणि गावाकडून माणसं भेटायला यायला लागतात. मराठी साधनात हे दोन शब्द जिथे येतील तिथे दोन ओळींचा खुलासा आणि रिपोर्टवर ते नेमके कुठे सापडतील याचं चित्र हवंच.

एक छोटं अक्षर मात्र कुणालाच दिसत नाही. "वायपीटी२" (ypT2) असं लिहिलेलं असेल, तर त्यातला "वाय" सांगतो की शस्त्रक्रियेच्या आधीच केमो झाली आहे. केमोने गाठ आक्रसल्यानंतरचं हे माप आहे. अशा रुग्णासाठी 'प्रेडिक्ट' वापरायचंच नसतं; दूरवर पसरलेल्या आजारासाठीही नाही. तशी सूचना तिथे आहे, पण ती इंग्रजीत आणि घाईत वाचायची राहून जाणारी. मराठी साधनाने पहिलाच प्रश्न हा विचारावा: "ऑपरेशनच्या आधी केमो दिली होती का?" उत्तर "हो" आलं की तिथेच थांबून सांगावं की हा हिशेब तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांशी बोला. कुठे थांबायचं हे ज्या साधनाला कळत नाही, ते रुग्णाच्या हाती देऊ नये.

पुढे निकाल. समजा, निकाल असा आला: नुसत्या शस्त्रक्रियेने १०० पैकी ७० जणी दहा वर्षांनी हयात, हार्मोनच्या गोळ्यांनी आणखी ६, केमोने आणखी ४, म्हणजे एकूण ८०. उरलेल्या २० पैकी काही जणी दुसऱ्याच कारणाने गेलेल्या असतील, वयानुसार. आता केमोचा फायदा दोन तऱ्हांनी सांगता येतो. मृत्यू २४ वरून २० वर आले, म्हणजे "धोका जवळपास १७ टक्क्यांनी कमी". किंवा "१०० जणींनी केमो घेतली तर ४ जास्त जगतात, ७६ जणी केमोशिवायही जगल्या असत्या, २० जणी केमो घेऊनही जातात". दोन्ही खरं आहे. पण १७ ऐकून अर्धा एकर विकणारं घर ४ ऐकून कदाचित वेगळा विचार करेल, कदाचित करणारही नाही. चार म्हणजे थोडे नव्हेत. त्या चारांत आपली आई असेल असं वाटणारा मुलगा चुकीचा नाही. फक्त त्याला चार हा आकडा कळलेला असावा. उलटंही तितकंच खरं. स्तनापुरता आजार असताना "कॅन्सर म्हणजे संपलंच" म्हणून उपचार सोडून देणाऱ्या घराला ८१ कळायला हवा होता. आकडा न सांगितल्याने माणसं याही बाजूने जातात.

मांडणीचा परिणाम शिकलेल्यांवरही होतो. १९८२ साली अमेरिकेत एक प्रसिद्ध प्रयोग झाला. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा पर्याय रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांनाही दिला. काहींना आकडे "किती जगतात" असे सांगितले, काहींना "किती दगावतात" असे. आकडे तेच, पण दगावण्याच्या भाषेत सांगितल्यावर शस्त्रक्रियेकडे पाठ फिरवणाऱ्यांची संख्या वाढली, आणि त्यात डॉक्टरही होते. म्हणून प्रत्येक निकालात दोन्ही बाजू एकाच चित्रात असाव्यात. दहा बाय दहाच्या शंभर बाहुल्या, हयात असलेल्या एका रंगात सलग, गेलेल्या दुसऱ्या रंगात सलग. विखरून नकोत, मोजता येत नाहीत. लाल-हिरवी जोडी टाळावी, कारण अनेक पुरुषांना त्यातला भेदच दिसत नाही, आणि पडद्यासमोर बसणारा बहुधा घरातला पुरुषच असतो. छेद नेहमी शंभरच ठेवावा. एका ओळीत "शंभरात ४" आणि पुढच्या ओळीत "२५ पैकी १" असं आलं की माणूस दोन वेगळ्या गोष्टी समजतो. ६६.४ मधला तो ".४" सरळ काढावा. एका माणसाबद्दल बोलताना दशांश चिन्हाने खोटी खात्री दिली जाते.

जिथे मध्यक दाखवतात तिथे जास्त जपायला हवं. "मध्यक ८ महिने" याचा अर्थ दहावीच्या गणितात शिकवलेलाच: निम्मे ८ महिन्यांच्या आत, निम्मे त्याच्या पुढे, आणि पुढच्या निम्म्यांत काही जण कित्येक वर्षं. घरी मात्र निरोप जातो, "डॉक्टरांनी आठ महिने दिलेत." शेपूट कुठवर जातं ते चित्रात दाखवलं नाही, तर हा निरोप असाच जात राहणार.

आणखी एक गोष्ट प्रत्येक साधनात असायला हवी: "निदानाला किती काळ झाला?" समजा, १०० पैकी दोन वर्षांनी ६० हयात होते आणि पाच वर्षांनी ५०. पहिल्या दिवशी शक्यता ५० टक्के. पण दोन वर्षं पार केलेल्या माणसासाठी ६० पैकी ५०, म्हणजे ८३ टक्के. तरीही तो माणूस दोन वर्षांपूर्वी वाचलेला ५० मनात घेऊन रात्री जागत असतो. एवढा एक रकाना वाढवणं प्रोग्रॅमरसाठी फार मोठं काम नाही.

नातेवाईक म्हणतात, "पेशंटला सांगू नका." त्यामागची माया खोटी नाही. तपासायच्या खोलीबाहेर डॉक्टरांना हळूच गाठणारा मुलगा आईला वाचवायलाच बघत असतो. काही डॉक्टरही म्हणतात, आकड्याने माणूस खचतो. पण आकडा आता कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. आईच्या उशाशीही मोबाइल आहे, तो आता विचारल्यावर मराठीत उत्तरही देतो, आणि ते कुठल्या देशाचं, कुठल्या सालचं हे सांगतोच असं नाही. सांगायचं की नाही हा प्रश्न मागे पडला आहे. कुणी सांगायचं आणि कसं, हा उरला आहे. म्हणून पहिल्या पडद्यावर आकडा नसावाच. तिथे तीन बटणं असावीत: उपचारांची माहिती, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, आणि तिसरं "आकडे पाहायचे आहेत". ते दाबल्यावरही आधी ठोकळ शब्दांत, मग हवं असेल तर चित्र, मग शेवटी संख्या. मधे कुठेही मागे फिरता आलं पाहिजे. ज्याला जाणून घ्यायचं नाही, त्याचाही मान राखला पाहिजे.

आणि शेजारी माणूस हवा. ओपीडीत एका रुग्णाला मिळणाऱ्या वेळात डॉक्टरांकडून हे होणार नाही. प्रशिक्षित सिस्टर किंवा समुपदेशक वीस मिनिटं बसली, रिपोर्टवरून रकाने तिने भरले आणि शेवटी विचारलं, "मावशी, यातून तुम्हाला काय समजलं ते मला सांगा बघू," तर चुकीचा अर्थ तिथल्या तिथे सापडतो. "कळलं का?" विचारलं की सगळे "हो" म्हणतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं काय करायचं, हेही बांधणाऱ्यानेच बघायला हवं. निकालाचा स्क्रीनशॉट दहा मिनिटांत गारगोटी ते पुणे सगळ्या भावकीत फिरतो, आणि त्यात फक्त आकडा असतो. म्हणून कुणाचा, कधीचा, कुठल्या अवस्थेचा हे वाक्य आकड्याच्या वर त्याच चौकटीत बसवावं, कापलं तरी सोबत येईल असं. नाव आणि मोबाइल नंबर मागूच नये. हिशेब फोनच्या आतच करता येतो, माहिती बाहेर जायची गरज नाही. निकालाआधी नंबर मागणाऱ्या पानापासून लांब राहावं, हे लोकांना स्पष्ट सांगायला हवं. अक्षरओळख नसलेल्या आजीसाठी वाचून दाखवणारं बटण हवं, आणि ए-फोर कागदावर छापता येईल असं एक पान.

हे सगळं केलं तरी मूळ आकडा कुठून आणायचा? ब्रिटनचा चालणार नाही. तिथला हिशेब गृहीत धरतो की उपचार पुरे झाले. चंदगडच्या बाईला किरणोपचाराच्या १५ किंवा २५ बैठकांसाठी शंभर किलोमीटरच्या पुढे यायचं असतं. मधे सुगी येते, एसटी चुकते, सोबत यायला माणूस नसतो. आपल्याकडे नोंदींची परंपरा आहे. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची, आणि बार्शीची १९८७ पासूनची, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता बार्शी, भूम, परांड्याच्या गावोगाव जाऊन माणसं शोधायची पद्धत तिने घालून दिली. कोल्हापूरसारख्या जिल्ह्याला शिकायचं असेल तर ते तिथून.

कारण इथे अडचण पाठपुराव्याची आहे. शस्त्रक्रिया मुंबईत परळला, केमो कोल्हापुरात, किरणोपचार मिरजेला. तीन फायली, तीन नंबर, त्यातला एक बंद पडलेला. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते, पण कारणाची खात्रीची नोंद क्वचित. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारणासह प्रमाणित झालेले सुमारे २२.५ टक्केच होते. याचा आकड्यावर काय परिणाम होतो ते एका हिशेबात दिसेल. समजा, १०० रुग्णांपैकी पाच वर्षांनी ४५ हयात असल्याचं कळलं, २० गेल्याचं कळलं आणि ३५ जणांचा पत्ताच नाही. फक्त पत्ता लागलेल्यांचा हिशेब केला तर ६५ पैकी ४५, म्हणजे ६९ टक्के. पत्ता नसलेले सगळे हयात धरले तर ८०. सगळे गेले धरले तर ४५. पडद्यावर ६९ छापणं सगळ्यात सोपं आहे. पण येणं बंद झालेल्यांत घरी परतल्यावर दगावलेले जास्त असण्याचा संभव असतो, म्हणून ६९ बहुधा जास्तच.

यावर उपाय महागडा नाही. पहिल्या भेटीतच तीन नंबर घ्यायचे: रुग्णाचा, घरातल्या दुसऱ्या कुणाचा आणि गावातल्या आशाताईंचा. दर सहा महिन्यांनी फोन, आणि प्रत्येक फोनची तारीख लिहायची, कारण "अमुक तारखेला हयात" एवढी नोंदसुद्धा हिशेबात धरता येते. फोन लागला नाही तर आशाताईंना, तिथेही नाही तर ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत. त्या पस्तीस घरांचा पत्ता लागेपर्यंत कोल्हापूरच्या साधनात ६९ नव्हे, "४५ ते ८० च्या दरम्यान" असंच छापावं, आणि शेजारी लिहावं की ३५ जणांचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.